लस तर टोचली, मग सिरम कशाला?

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीत मी आणि आमची मंडळी, दोघंच राहतो. मुलगा-सून पुण्याला नोकरीला. सुट्टीत सहा वर्षांचा नातू आमच्याकडे आला आहे. रविवारी संध्याकाळी पारावर खेळत असताना एका भटक्या कुत्र्याने त्याच्यावर झडप घातली. डाव्या डोळ्याखाली गालावर दोन ठिकाणी दात लागले, रक्त आलं. पोराने हात मध्ये घातला तर उजव्या तळहातालाही एक भोक पडलं. त्याच कुत्र्याने आणखी दोन माणसांना आणि शेजारच्या म्हशीला चावा घेतला आणि ओढ्याकडे पळालं. ते पुन्हा दिसलं नाही. मंडळींनी जखमेत हळद आणि थोडं तिखट दाबलं. सोमवारी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे दोन्ही दंडांवर बारीक इंजेक्शनं दिली आणि ‘सिरमसाठी उपजिल्हा रुग्णालय’ अशी चिठ्ठी दिली. मी गेलो नाही. मला १९६८ साली कुत्रं चावलं होतं, तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली. सिरमचं नावही कोणी काढलं नव्हतं आणि मी आजवर ठणठणीत आहे. सुनेला फोन केला तर तिने मोबाइलवर वाचलं की ते घोड्याच्या रक्ताचं असतं, त्याची रिअॅक्शन येते. ती म्हणाली, शनिवारी मी येते, तोवर थांबा. खाजगीत माणसाचं सिरम मिळतं म्हणतात, पण पैसे फार लागतात. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. पोर माझ्या भरवशावर ठेवून गेले होते. गालाच्या जखमेत सुई घालतात हे ऐकूनच माझा धीर सुटतो. लस तर टोचली आहे, मग सिरम कशाला? आणि आता उशीर झाला का?

— एक आजोबा

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी रात्री मिळालं. आज बुधवारी सकाळी फोनवर मी तुम्हाला एवढंच म्हणाले की नातवाला घेऊन आजच निघा, शनिवारची वाट पाहू नका, उशीर झालेला नाही. तुम्ही ‘बरं’ म्हणालात, पण पाय निघत नाहीये हे मला त्या आवाजात ऐकू आलं. म्हणून हे सविस्तर उत्तर आधी तुमच्या मोबाइलवर पाठवते आहे. सदरात ते नंतर छापून येईल. वाचता वाचता गाडी आली तर उरलेलं गाडीत बसून वाचा.

तुमच्या प्रश्नात असं धरलेलं आहे की लस आणि सिरम ही एकाच कामाची दोन औषधं आहेत आणि एक घेतलं की दुसऱ्याची गरज उरत नाही. बरेच जण असंच समजतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण आम्ही डॉक्टर मंडळी चिठ्ठी लिहून देतो, पण त्यामागचं कारण सांगत नाही.

लस शरीराला शिकवते. त्यातला रेबीजचा विषाणू मेलेला असतो. तो दंडात टोचला की शरीर त्याला ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करायला लागतं. पण आज पेरून आज कणीस येत नाही. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण सात ते चौदा दिवस जातात. सिरममध्ये हीच प्रतिपिंडं आयती असतात, दुसऱ्या कुणाच्या शरीरात आधीच तयार झालेली. ती जखमेत भरली की त्या घटकेपासून तिथल्या विषाणूला धरायला लागतात. काही आठवड्यांत ती विरून जातात, पण तोवर नातवाच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडं केलेली असतात. लस लागू पडेपर्यंत जो आठवडा-दीड आठवडा उघडा राहतो, त्याची राखण सिरम करतं. लस त्या दिवसांत काहीच करू शकत नाही, आणि सिरम पुढच्या महिन्यांत काही करू शकत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

आता त्या उघड्या दिवसांत काय होऊ शकतं ते सांगते. कुत्र्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो. सुरुवातीला तो तिथल्या स्नायूंत असतो. तिथे असेपर्यंत प्रतिपिंडं त्याला गाठू शकतात. पुढे तो नसांच्या टोकांत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूच्या दिशेने सरकू लागतो. एकदा नसेच्या आत गेला की तो शरीराच्या पहाऱ्याच्या नजरेआड होतो. त्यामुळे आजार दिसायला काही जणांना महिना-दोन महिने लागतात, क्वचित वर्षही लागतं, तर काहींना दोन आठवडेसुद्धा पुरतात. चावा पायाला असेल तर विषाणूला लांबचा पल्ला असतो. तुमच्या नातवाला तो गालावर आहे, डोळ्याखाली, जिथे नसांचं जाळं दाट आहे आणि मेंदू वीतभर अंतरावर. तळहाताचंही तसंच आहे, बोटं आणि तळवा नसांनी भरलेला असतो. म्हणून चेहरा, डोकं, मान आणि हात यांवरच्या चाव्यांच्या बाबतीत आम्ही एक दिवसही हातचा सोडत नाही. आणि एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर उपाय नाही. जगभर मोजकी माणसं वाचल्याची नोंद आहे, पण त्या भरवशावर कुणी पोराला ठेवू नये.

चाव्यांचे आम्ही तीन प्रकार करतो. धड कातडीवर कुत्र्याने चाटलं तर पहिला, त्याला काही लागत नाही. रक्त न येता हलकं खरचटलं किंवा दात नुसता घासला तर दुसरा, त्याला लस पुरते. कातडी फुटून रक्त आलं, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर तिसरा. त्याला लस आणि सिरम दोन्ही. तुमच्या नातवाच्या तिन्ही जखमा तिसऱ्या प्रकारच्या आहेत. शिवाय त्या कुत्र्याने एका संध्याकाळी तिघांना आणि एका म्हशीला फाडलं आणि पसार झालं. वाटेत येईल त्याला चावत सुटणं हे पिसाळलेल्या कुत्र्याचं लक्षण मानतात. कुत्रं सापडलं असतं आणि दहा दिवस धडधाकट राहिलं असतं तर आपण पुढचे डोस थांबवण्याचा विचार केला असता. पण त्या परिस्थितीतसुद्धा उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे असतात. इथे तर कुत्रंच नाही.

उशीर झाला का, याचं उत्तर: नाही. सिरम पहिल्या लसीसोबतच देणं सगळ्यांत चांगलं. ते राहून गेलं तर पहिला डोस घेतल्यापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. दिवस चाव्यापासून मोजायचे नाहीत, पहिल्या लसीपासून मोजायचे. लस सोमवारी झाली, तो शून्य दिवस. आज दुसरा. सातव्या दिवसानंतर सिरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात आणि बाहेरून घातलेली त्यांच्या आड येतात. आता हे वाचून ‘म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत चालतं’ असं मनात धरू नका, काका. नियमाने चालतं, पण विषाणूला आपला नियम ठाऊक नाही. सुनबाई शनिवारी येतील तेव्हा पाचवा दिवस असेल. मधले तीन दिवस ती गालाची जखम उघडी राहील आणि ते तीन दिवस परत मिळणार नाहीत.

इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगायची आहे. मी एका ग्रामीण रुग्णालयात अनेक वर्षं काढली. तिथे नऊ वर्षांची एक मुलगी आली होती, कपाळावर आणि भुवईपाशी चावे. आमच्याकडे लस होती, सिरम संपलेलं होतं. मी लस दिली आणि चिठ्ठी लिहिली, ‘सिरमसाठी शहरातल्या रुग्णालयात’. बाहेर पन्नास माणसं रांगेत होती. मी पुढच्या पेशंटला बोलावलं. त्या मुलीचा बाप दुसऱ्या डोसला आला, तिसऱ्या डोसला आला, एक दिवसही इकडेतिकडे केला नाही. कामाचे दिवस होते, जाण्यायेण्याला दोन दिवस मोडले असते, आणि लस वेळेवर चालू आहे म्हटल्यावर चिठ्ठी त्याच्या खिशात राहिली. अठराव्या दिवशी तो तिला खांद्यावर घेऊन आला. मी पेल्यातून पाणी पुढे केलं तेव्हा तिने मान फिरवली आणि तिचा गळा आवळल्यासारखा झाला. पुढचं सांगत नाही. तो बाप निष्काळजी नव्हता. त्या चिठ्ठीत कारणाचा एक शब्दही नव्हता, आणि ती मी लिहिली होती. त्यानंतर मी चिठ्ठी लिहिली की पेशंटच्या नातेवाइकाला समोर बसवून कारण सांगत आले, रांग कितीही मोठी असो. तुमच्या पत्रातला ‘मी गेलो नाही’ हा शब्द वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

तुमच्या चौदा इंजेक्शनांबद्दल. मी ती इंजेक्शनं दिलेली आहेत, त्यामुळे तुम्हाला काय सोसावं लागलं हे मला ठाऊक आहे. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीला ती तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, मारून ती बनवत. मात्रा मोठी आणि ताकद कमी म्हणून पोटाच्या रुंद कातडीखाली रोज एक द्यावी लागे. मेंदूचा अंश त्यात राहत असल्याने काही जणांना लसीनेच लकवा होई. आपल्या देशात ती २००४-०५च्या सुमारास बंद झाली. आताची लस पेशींमध्ये वाढवतात, ती स्वच्छ आणि जोरकस आहे, म्हणून दंडावर थेंबाएवढी पुरते. तुम्ही वाचलात याचा मला आनंद आहे, पण ते सिरम लागत नसल्याचा पुरावा नाही. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, आणि पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या प्रत्येकाला रेबीज होतोच असं नाही. तुम्हाला चावलेलं कुत्रं कसं होतं हे आज कुणी सांगू शकत नाही. जे वाचले ते पारावर बसून सांगतात. जे गेले ते सांगायला येत नाहीत.

खरं तर तुम्हाला कुत्रं चावण्याच्या चौदा वर्षं आधी सिरमचं मोल कळलेलं होतं. १९५४ साली पश्चिम इराणमधल्या सहने नावाच्या गावात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने २९ जणांना चावे घेतले. त्यांना तेहरानच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नेलं. तिथे सिरमचा अभ्यास आखलेलाच होता. डोक्याला चावे बसलेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतले तीन दगावले. तेरा जणांना लसीसोबत सिरम मिळालं, त्यांतला एक दगावला. त्यांत एक लहान मुलगा होता, लांडग्याचे दात त्याच्या कवटीतून आत गेले होते. त्याला सिरमच्या अनेक मात्रा दिल्या आणि तो वाचला. आज आपण तिसऱ्या प्रकारच्या चाव्याला लस आणि सिरम एकत्र देतो, त्याची मुळं त्या गावात आहेत. ते सिरम प्राण्याच्याच रक्ताचं होतं.

सुनबाईंच्या भीतीकडे येते. घोड्याच्या रक्ताचं असतं, हे त्यांनी बरोबर वाचलं. निरोगी घोड्याला रेबीजची लस टप्प्याटप्प्याने देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर झाली की थोडं रक्त काढतात आणि त्यातून ती वेगळी करून शुद्ध करतात. आपल्याकडे हे काही नवं नाही. नाग-घोणस चावल्यावर जे औषध देतात तेही घोड्याचंच. हाफकिनने पिंपरीला घोडे पाळून ते किती वर्षं बनवलं आहे. तुमच्या तालुक्यात भाताच्या खाचरात साप चावलेली कितीतरी माणसं त्या घोड्यांच्या उपकारावर जगली आहेत. जुन्या काळी सिरम पुरेसं शुद्ध नसे आणि रिअॅक्शन वारंवार येत. आताचं बरंच गाळून शुद्ध केलेलं असतं. एकदम जिवावर बेतणारी अॅलर्जी दीड लाखात एखाद्याला येते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि तिच्यावर अॅड्रेनॅलिन हे हमखास औषध आहे, ते जवळ असल्याशिवाय सिरम देतच नाहीत. म्हणून तर तुम्हाला वाडीतल्या दवाखान्यात न देता रुग्णालयात पाठवलं. सिरम दिल्यावर अर्धा-एक तास बसवून ठेवतील, घाई करू नका. काही ठिकाणी आधी हातावर थेंबभर टोचून पाहतात. अॅलर्जी होणार की नाही हे त्या चाचणीवरून खात्रीने कळत नाही, म्हणून आता तिचा आग्रह धरत नाहीत. पण केली तरी घाबरू नका आणि तिथे लाल चट्टा उठला म्हणून पोराला घेऊन घरी येऊ नका. डॉक्टर दुसरी वाट काढतात. आणखी एक लक्षात ठेवा. सिरमनंतर आठवडा-दीड आठवड्याने शंभरात एखाद-दुसऱ्याला ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी होते. तसं झालं तर दाखवायला न्या, औषधाने बरं होतं. पण त्या भीतीने लसीचा एकही डोस चुकवायचा नाही.

एका बाजूला दीड लाखात एक, तेही उपचार असलेलं. दुसऱ्या बाजूला ज्यावर उपचारच नाही असा आजार, आणि तोही कदाचित गालात बसलेला. सुनबाईंना हे असंच वाचून दाखवा. त्या आई आहेत, घाबरणारच. पण त्यांनी मोबाइलवर भीतीची एकच बाजू वाचली.

माणसाचं सिरम म्हणजे लस घेतलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून काढलेलं. त्याला रिअॅक्शन अगदी कमी, पण ते हजारांच्या घरात जातं आणि दर वेळी मिळेल असंही नाही. विषाणूला रोखण्यात ते घोड्याच्या सिरमपेक्षा सरस आहे असं नाही. मात्रा तेवढी वेगळी. घोड्याचं दर किलो वजनाला ४० युनिट, माणसाचं २० युनिट. नातवाचं वजन १८ किलो धरलं तर घोड्याचं ७२० युनिट लागेल, म्हणजे नेहमीच्या कुपीतलं जेमतेम अडीच मिली. तिसरा पर्यायही आता आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत पेशींपासून एकाच जातीची प्रतिपिंडं बनवली, तिला २०१६ साली परवानगी मिळाली, रॅबिशिल्ड नावाने ती मिळते. त्यात घोडाही नाही आणि माणसाचं रक्तही नाही. ती उपलब्ध असेल आणि डॉक्टरांनी सुचवली तर जरूर घ्या. पण यातलं कोणतं भारी याची चौकशी करत दारोदार फिरू नका. जे पहिल्यांदा हाती लागेल ते घ्या. सरकारी रुग्णालयात सिरम फुकट मिळतं. निघण्याआधी तिथे फोन करून साठा आहे का विचारा. नसेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठा, आणि मुलाला तिकडेच बोलावून घ्या.

आता गालातली सुई. हे मी गोड करून सांगणार नाही, पोराला दुखेल. पण सिरम जखमेतच भरायचं असतं, कारण विषाणू तिथे आहे. बारीक सुईने जखमेच्या कडांतून आणि तळाशी थोडं थोडं सोडतात, तळहाताच्या भोकातही. तळहातात आणि बोटांत जागा कमी म्हणून फार दाबून भरत नाहीत. तीन जखमांना मात्रा अपुरी पडत असेल तर सलाइनच्या पाण्यात वाढवून घेतात. पूर्वी उरलेलं सिरम मांडीत किंवा कमरेत देत, त्याचा फारसा उपयोग नाही असं दिसल्याने २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तो आग्रह सोडला. मात्र अजूनही एखाद्या ठिकाणी सगळंच्या सगळं कमरेत देऊन मोकळे होतात. म्हणून तुम्ही नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, गालाच्या आणि हाताच्या जखमेत देणार ना?’ या प्रश्नाचा कुठल्याही डॉक्टरला राग येऊ नये.

पोराला मांडीवर मंडळींनी घ्यावं. त्याला आधी खोटं सांगू नका की दुखणार नाही. दुखेल, आजी धरून ठेवेल, आणि पटकन संपेल, असं सांगा. सहा वर्षांच्या पोराला एवढं कळतं. फसवलं तर पुढच्या तीन डोसना तो दवाखान्याच्या पायरीवरच लोळण घेईल. गाल दोन दिवस सुजेल. जखमेला टाके घालायला सांगू नका, या जखमा शक्यतो उघड्या ठेवतात. टाक्यांची सुई विषाणूला आणखी आत नेऊ शकते. घालावेच लागले तर सिरम दिल्यानंतर, काही तास जाऊ देऊन आणि सैल. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का तेही विचारा.

मंडळींनी हळद-तिखट लावलं याबद्दल त्यांना बोलू नका. आपल्या आया-आज्यांनी तेच पाहिलं, कुणी चुना लावतं, कुणी मिश्री, कुणी सात विहिरींत डोकावायला नेतं. पण तिखटाने जखम चरचरते, सोलवटते आणि विषाणूला आत जायला वाट मोकळी होते. लागायचा होता तो साबण. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू मरतो. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रविवारी ते झालं नाही म्हणून आता सोडून देऊ नका. निघण्यापूर्वी अंगाच्या साबणाने तिन्ही जखमा हलक्या हाताने धुवा, डोळ्यात साबण जाणार नाही एवढं बघा.

लसीच्या तारखा: उद्या गुरुवारी दुसरा डोस, पुढच्या सोमवारी तिसरा, आणि पहिल्या सोमवारपासून बरोबर चार आठवड्यांनी, अठ्ठाविसाव्या दिवशी, चौथा. हा चौथा लोक विसरतात, कारण तोवर जखम भरलेली असते आणि पोर शाळेत जायला लागलेलं असतं. नातू तेव्हा पुण्यात असेल. कार्ड त्याच्यासोबत द्या, महापालिकेच्या दवाखान्यात मिळेल. एखादा दिवस चुकलाच तर पुढे चालू ठेवायचं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. पथ्य काही नाही. आंबट, अंडी, मटण, अंघोळ, सगळं चालतं. आणि हे कार्ड पुढेही जपून ठेवा. पुन्हा कधी कुत्रं चावलं तर त्याला सिरम लागणार नाही, लसीचे दोन डोस पुरतील.

मुलाला आजच फोन करा, काका. पोर माझ्या भरवशावर ठेवलं होतं, असं तुम्ही लिहिलंत. कुत्रं पारावर आलं यात तुमचा दोष नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही त्याला लस टोचून आणलीत, तेही तुम्हीच. मुलगा चिडेल कदाचित. चिडू दे. चिडलेला मुलगाही रुग्णालयात तुमच्या शेजारी उभा राहील, आणि साठा नसला तर पुण्यात धावपळ करायला त्याचीच गरज लागेल.

म्हशीला पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायला सांगा, चाव्यानंतर जनावरांनाही लस देतात. तिचं दूध प्यायलं म्हणून वाडीत घाबरगुंडी उडाली असेल तर सांगा की उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही. मात्र ती आजारी दिसली, लाळ गाळू लागली, तर तोंडात हात घालायला कुणी जाऊ नये.

पत्रातल्या एका ओळीपाशी मी सकाळपासून अडकले आहे. आणखी दोन माणसांना चावा घेतला, असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. ती दोघं कोण, त्यांना रक्त आलं होतं का, ती आरोग्य केंद्रात गेली का, हे फोनवर विचारायचं राहून गेलं. स्टँडवर जाताना त्यांच्या घरावरून जा. त्यांच्याही खिशात तुमच्यासारखीच एखादी चिठ्ठी असेल. पहिली लस घेतली नसेल तरी त्यांना आज लस आणि सिरम दोन्ही मिळू शकतं. कातडी फुटलेली असेल तर त्यांना याच गाडीत बसवून सोबत न्या.